खिरापतीच्या विटा

कौशल्याबाईंना भुलाबाईचा महिना आवडत नसे. देवीशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. पण भादव्याची पुनव आली की नंदनवन वस्तीतल्या पोरी रोज संध्याकाळी टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणत हिंडायच्या, ते थेट कोजागिरीपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या तासाला जांभया द्यायच्या. बाई फळ्यावर तरफ काढायच्या आणि अर्ध्या वर्गाचं डोकं आज कोणाच्या घरी खिरापत काय असेल यात गुंतलेलं. "खिरापतीचीच परीक्षा द्या मग वार्षिकला," असं म्हणून बाई खडू आपटायच्या. ती परीक्षा एक दिवस खरोखर घ्यावी लागेल, असं काही त्यांच्या मनात नव्हतं.

ते सत्त्याहत्तर साल. नंदनवनात तेव्हा अर्धी घरं उभी आणि अर्धी उभी राहायची होती. प्रत्येकाच्या अंगणात वाळूचा ढीग आणि उरलेल्या विटांची चळत असायचीच. शारदोदय विद्यालयाच्या पाच खोल्या, एक हापसा आणि एक भलं मोठं कडुलिंबाचं झाड. प्रयोगशाळा म्हणाल तर कौशल्याबाईंची पत्र्याची पेटी. तिच्यात एक भिंग, एक चुंबक, काही नळ्या आणि घरून आणलेला कंदील. ही पेटी लिंबाखाली उघडली की नववीचा विज्ञानाचा तास सुरू व्हायचा.

शाळा नववीपर्यंतच होती. दहावीची परवानगी मागितली तेव्हा खात्याकडून निरोप आला की विज्ञानासाठी पक्क्या भिंतींची वेगळी खोली दाखवा, दिवाळीनंतर तपासणीला माणूस येईल. खोली नसेल तर दहावी नाही. मुलांचं फारसं अडणार नव्हतं, ती सायकली हाणत महालातल्या शाळेत गेली असती. अडणार होतं पोरींचं. नववीतल्या निम्म्या पोरींना घरच्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला पाठवलंच नसतं, आणि त्यातली पहिली होती वच्छला.

वच्छला वर्गात पहिली यायची, पण कौशल्याबाईंना तिचं कौतुक वेगळ्याच गोष्टीसाठी होतं. कंदिलाची काच वरून झाकली की ज्योत विझते, हे बाईंनी दाखवलं त्या दिवशी सगळा वर्ग खूश होऊन घरी गेला. ही एकटी मागे थांबली. "बाई, वरून झाकल्यावर धूर कोंडतो म्हणून विझली. मग खालची भोकं बुजवली तर? धूर तर वरून जाईल. तरी विझेल का?" बाईंनी घरी जाऊन कणकेनं भोकं बुजवून पाहिली. ज्योत विझली. बाईंना इतका आनंद झाला की नवऱ्याला जेवायला वाढायचं राहिलं. पण तोंडानं कौतुक करायची त्यांची रीत नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या वच्छलाला एवढंच म्हणाल्या, "बरं विचारलंस." त्यांच्या "बरं"वर पोरी चार दिवस तरंगायच्या.

तर या वच्छलाचे वडील रुपराव. कुही गावाकडे शेती, आणि इकडे नागनदीपलीकडे वीटभट्टी. माणूस दिलाचा मोठा, आवाजाचा त्याहून मोठा. दहावीचं घोंगडं भिजत पडलं तेव्हा कौशल्याबाई स्वतः त्यांच्या घरी गेल्या. रुपरावांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि मग साफ सांगून टाकलं.

"दहावी इथं झाली तं पाहू. नाही झाली तं काहून पाठवू तिले तिकडं? अन् खरं सांगू का बाई, लिंबाच्या झाडाखाली बसवून तुम्ही तिले शिकवलं तरी काय, थे मले काही दिसून नाही राहिलं."

"तिला विचारा ना घरात," बाई म्हणाल्या.

"मी काय विचारू? थे सुभद्रेची पोरगी हाय. मायलेकी पाहून घेतात. माह्या दोघा पोट्ट्यायचं मी पाहतो."

दोघा पोट्ट्यांमधला धाकटा दोनदा नापास होऊन सातवीतच बसला होता. बाईंच्या जिभेवर आलं होतं, पण त्यांनी ते चहाबरोबर गिळलं. आतल्या दारात वच्छलाची आई सुभद्रा उभी होती. ती पुढे आली आणि बाईंच्या कपात चहा पुन्हा ओतला. परत येताना बाईंना रस्ताभर एकच दिसत होतं. उन्हाळा संपेल, शाळा उघडेल, आणि वच्छला अंगणात तांदूळ निवडत बसलेली असेल. ते त्यांना सहन होईना.

विटा मागायची कल्पना हेडमास्तर मनोहररावांची. शाळा त्यांनीच काढलेली. वर्गणीचं पावतीपुस्तक हातात दिसलं की नंदनवनातली माणसं मागच्या दारानं निघून जातात, हा त्यांचा अनुभव. ते म्हणाले, "भुलाबाई सुरू होऊन राहिली. पोरी घरोघर जातातच. आपण बोली लावू. खिरापत ओळखली, तर त्या घरानं अंगणातल्या विटा शाळेला द्यायच्या. नाही ओळखली, तर विटा नाही. लोकांना खेळ होईल, आपल्याला भिंती होतील."

"आणि नाहीच ओळखता आली तर?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"अहो, आयाच त्या. मुद्दाम हरतील."

बाईंनाही ते पटलं. इथेच दोघंही फसले. मनोहररावांनी जन्मात खिरापत केली नव्हती आणि कौशल्याबाईंनी कधी भुलाबाई बसवली नव्हती. ज्वारीच्या ताटांच्या मखरात मातीचे भुलाबाई-भुलोजी मांडले, गाणी झाली, की घरची बाई पदराखालून डबा काढते. पोरींच्या कानाशी एकदा वाजवते आणि विचारते, ओळखा. पोरी ओरडतात, चिवडा, फुटाणे, करंज्या! बाई मान हलवत राहते. एखादीची खिरापत शेवटपर्यंत कोणाला ओळखू आली नाही, तर त्या बाईची मान वर्षभर ताठ असते. विहिरीवर, हळदीकुंकवाला, भाजीच्या गाडीशी. अशा बाईला कोणी म्हणावं की तू जाणूनबुजून हर?

पहिल्या आठवड्यात पोरी रोज पोट भरून आणि रिकाम्या हातानं परत आल्या.

उलट आता विटांची बोली लागल्यामुळे बायकांना चेवच चढला होता. कोणी शंकरपाळे फडक्यात गच्च गुंडाळले म्हणजे वाजू नयेत. कोणी मऊसूत गुलगुल्यांत सुपारी टाकली म्हणजे डबा खडखडावा. एकीनं झाकणाला बाहेरून हिंग चोळला. सगळ्या पोरी कोथिंबिरीची वडी समजून "सांबारवडी! सांबारवडी!" म्हणून नाचल्या आणि आत निघाले राजगिऱ्याचे लाडू. मनोहरराव रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी विटांची वाट पाहत उभे राहायचे आणि पोरी त्यांना खिरापतीतला लाडू द्यायच्या.

शेवटी कौशल्याबाई चिडल्या आणि जिजाबाईंच्या घरी गेल्या. जिजाबाईंची पुष्पलता नववीतच होती, पाठांतरात कच्ची, बोलायला भित्री, नेहमी शेवटच्या ओळीत बसणारी. सुपारीवाला डबा यांचाच.

"जिजाबाई, तुमचीच पोरगी दहावीला मुकेल. विटा द्यायच्या सोडून सुपाऱ्या कसल्या टाकता?"

जिजाबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "विटा सरळ मांगा नं बाई! आत्ता देतो. पण खिरापत कशी हारू? भुलाबाईच्या समोर मुद्दाम हारलं तं थे काय म्हणंल?"

"बरं, मग सरळ मागते. द्या."

"आता कशी देऊ?" जिजाबाईंना खरंच वाईट वाटत होतं. "बोली झाली नं बाई. ओळखली तं विटा. आता अशाच देल्ल्या तं भुलाबाईचा शब्द मोडला."

बाई घरी आल्या, पाय धुतले आणि ओट्यावर बसून राहिल्या. समोर त्यांचेच डबे मांडले होते, डाळींचे, तांदळाचे, गुळाचे. त्यांनी सहज एक उचलला आणि हलवला. तूर. दुसरा हलवला. पोहे. न उघडता त्यांना कळत होतं. कसं कळत होतं, हे मात्र त्यांनी आजपर्यंत स्वतःला विचारलं नव्हतं. त्या तशाच उठल्या आणि डबे पुसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली पत्र्याची पेटी उघडली नाही. बाईंनी एकसारखे डबे ओळीनं मांडले आणि म्हणाल्या, "आज खिरापत." वर्गाला वाटलं बाईंची तब्येत बिघडली.

"ओरडायचं नाही," बाई म्हणाल्या. "ओरडून ओळखते ती कोंबडी. आधी डबा हातात घ्या. जड की हलका? वाकडा करा. आतलं घरंगळतं की घसरतं? घरंगळलं तर गोल, घसरलं तर चपटं. एकदम आदळलं की एकेक करून? आवाज कोरडा की ओला? बुडाला हात लावा, गार की कोमट? वास झाकणाला आहे की आतून येतो, ते झाकण पुसून बघा. आणि डबा जे सांगतो ते ध्यानात धरा, जे सांगत नाही तेही धरा. दोन्ही झाल्याशिवाय तोंडातून नाव काढायचं नाही."

पोरींना वेड लागलं. पोरांनाही लागलं, पण खिरापत ओळखायला पोरीच जायच्या, तेव्हा पोरांच्या वाट्याला विटा वाहायचं काम आलं. मधल्या सुट्टीत डबे, शाळा सुटल्यावर डबे. एकदा पुष्पलतानं डबा कानाशी धरला आणि अगदी हळू म्हणाली, "बाई, दोन चीजा हायत. एक वाजून राहिली, एक तिले थांबवून राहिली." आत भुईमुगाच्या शेंगा होत्या आणि त्यांच्यामध्ये गुळाचा खडा. सगळा वर्ग शेवटच्या ओळीकडे वळून बघायला लागला. बाई म्हणाल्या, "बरं." पुष्पलता त्या दिवसापासून पुढच्या ओळीत बसायला लागली.

मग मात्र नंदनवनात धमाल उडाली. पोरी आता गाणी संपली की गप्प व्हायच्या. डबा एकीकडून दुसरीकडे जायचा, झाकण फडक्यानं पुसलं जायचं, बुडाला हात लागायचा, आणि मग एकच जण पुढे होऊन नाव सांगायची. बायका आधी हसल्या, मग चपापल्या, मग एकमेकींकडे खबर काढायला लागल्या. हरलेली बाई नाक मुरडायची, पण सकाळी बैलबंडी दाराशी आली की स्वतः पदर खोचून विटा भरू लागायची. जिजाबाई तर आपल्याच पोरीच्या वर्गाकडून हरल्या आणि हातगाडीमागे शाळेपर्यंत चालत आल्या. "तीळभर आवाजही केला नव्हता गा मी डब्यात," असं त्या मनोहररावांना कौतुकानं सांगत होत्या. खोलीच्या भिंती गुडघ्याला आल्या, कमरेला आल्या. मधल्या सुट्टीत सगळी शाळा भिंतीला हात लावून यायची. कौशल्याबाईंना आता भुलाबाईचा राग येत नव्हता. पोरींच्या टिपऱ्या वाजल्या की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या.

मग अंगणं संपली. विटा खिडकीपर्यंत येऊन थांबल्या. उरलेली भिंत एकाच ठिकाणाहून येऊ शकत होती, आणि तिथली खिरापत कोणी कधीच ओळखली नव्हती. सुभद्राकाकूंचा डबा! लग्न होऊन आल्यापासून एकदाही न हरलेली बाई. रुपराव तर भट्टीवर येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही ते ऐकवायचे. ते स्वतःच शाळेत आले आणि मैदानात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"मास्तर, कोजागिरीले माह्या घरी या. माह्या बायकोची खिरापत तुमच्या पोरीयनं ओळखली तं वरपर्यंतच्या विटा माह्या भट्टीच्या. त्या दिवशी मी मानीन का तुम्ही इथं काही शिकवून राहिले. नाही ओळखली तं मले दहावीचं पुन्हा कोणी बोलू नका."

वच्छला तिथेच उभी होती. तिनं मान खाली घातली नाही. वडिलांकडे पाहत राहिली फक्त.

रीत अशी की ज्या घरची खिरापत, त्या घरच्या पोरीनं तोंड उघडायचं नाही. म्हणजे वर्गातली सगळ्यात तल्लख पोर त्या दिवशी मुकी. ते दोन-तीन दिवस वर्ग लिंबाखाली जोरात तयारी करत होता आणि वच्छला बाजूला पायरीवर बसलेली असायची. मनोहररावांनी बाईंना गाठलं आणि घसा साफ करत म्हणाले, "वच्छलाला जरा... म्हणजे आई साधारण काय करते, एवढंच..."

"सर, मी विज्ञान शिकवते," कौशल्याबाई म्हणाल्या. मनोहरराव पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर वच्छलाच बाईंकडे आली.

"बाई, उद्या वर्ग हरला तर तुम्ही रागवाल?"

हरण्याचा अर्थ कोणाला भोगायचा होता, ते या पोरीहून जास्त कोणाला ठाऊक? "नीट विचार करून हरला तर नाही रागवणार," त्या म्हणाल्या. "आणि आईला सांग, सोपी करू नको म्हणावं. आमच्या पोरींना ते आवडणार नाही."

"सोपी नाही होणार, बाई," वच्छला म्हणाली आणि पळाली.

कोजागिरीला सूर्य मावळायच्या आतच रुपरावांच्या अंगणात नंदनवन लोटलं. भुलाबाईचा शेवटचा दिवस, मखर झेंडूनं भरलेलं. पोरी गायल्या, टिपऱ्या वाजल्या, आणि पूर्वेला चंद्र वर येत असताना सुभद्रानं पदराखालून पितळी डबा काढला. झाकणाच्या कडेला सगळीकडून कणीक लावून पक्का बंद केलेला. रुपराव बाजेवर मांडी घालून बसले होते, मिशीवर हात. वच्छला आईच्या मागे, भिंतीला टेकून.

डबा पोरींकडे आला. पहिलीनं हलवला आणि सगळ्यांनी ऐकलं, आत डचमळलं. ओलं! पोरींचे डोळे चमकले. कोजागिरी, आणि डब्यात काहीतरी पातळ. लहान पोरांनाही कळलं असतं. पण कोणी ओरडलं नाही. त्यांनी बूड चाचपलं, गार. वजन पाहिलं, चांगलं जड. वास नाही, कणकेनं अडवलेला. डबा फिरत फिरत पुष्पलताकडे आला. तिनं तो कानाशी धरला आणि डोळे मिटले.

"दूध नाही हे," ती म्हणाली. "आटवलेलं दूध असं पटपट नाही आदळत. हे पाणी हाय."

अंगणात हशा पिकला. "पाणी! भुलाबाईले पाण्याची खिरापत!" रुपराव तर मांडीवर थाप मारून हसले. पुष्पलताचा चेहरा पडला. ती दोन पावलं मागे सरकली, आणि पुढे झालेल्या पोरींनी घाईघाईनं नावं घेतली. ताक. नाही. उसाचा रस. नाही. गुळवणी. नाही. दूध? बासुंदी? सुभद्रा प्रत्येक वेळी मागे वळून वच्छलाकडे बघायची आणि मग मान हलवायची. कौशल्याबाईंना ते विचित्र वाटलं, पण त्यांचं लक्ष पोरींच्या कोमेजत चाललेल्या तोंडांकडे होतं.

नावं संपली.

"हारले!" रुपराव बाजेवरून उठले. "म्हटलं होतं का नाही मी? सुभद्रे, उघड डबा, दाखव यायले."

सुभद्रानं डबा उघडला नाही. तिनं तो स्वतःच्या कानाशी नेला. हलवला. वाकडा केला. कणकेशी नाक नेऊन वास घेतला. मग सगळ्या नंदनवनासमोर म्हणाली,

"मलेही ओळखू नाही येऊन राहिली."

"काय बोलून राहिली तू? तूच भरला नं?"

"मी काहून भरू? मी सकाळपासून भट्टीवरच्या माणसायचा स्वयंपाक करून राहिली. डबा वच्छीनं भरला. भरताना मले तं पोट्टीनं रांधणीतून बाहेर काढलं होतं." सुभद्रानं वळून लेकीकडे पाहिलं. "इतकी वर्षं झाली, मले कोणी हारवलं नाही. आज माह्या पोरीनं हारवलं."

रुपरावांनी डबा हिसकावूनच घेतला. एवढा मोठा माणूस, भट्टीचा मालक, अंगणाच्या मधोमध उभा राहून डबा कानाशी वाजवायला लागला. "दूध," ते म्हणाले.

"नाही बाबा," वच्छला म्हणाली.

"दही असंल पातळ."

"नाही."

"मंग... आंबील?"

आता पोरी हसायला लागल्या. जिजाबाईंनी तोंडाला पदर लावला. रुपरावांनी आणखी दोन-तीन नावं घेतली, डबा उलटा करून पाहिला आणि शेवटी तो मुकाट्यानं लेकीपुढे धरला.

वच्छलानं नखानं कणीक सोडवली. झाकण निघालं. आत होतं साधं पाणी, आणि तळाला फडक्यात बांधलेली गच्च पुरचुंडी. ती तिनं सोडली. हिरवे, कोवळे शिंगाडे! तळ्यातून नुकते काढल्यासारखे थंडगार. अंगणातल्या प्रत्येकानं त्या आठवड्यात ते खाल्ले होते, प्रत्येकानं ते पाणी भरलेल्या घमेल्यातूनच घेतले होते.

"डबा वाजला की सगळे जे वाजतं तेच ओळखतात," वच्छला म्हणाली. आता रीत संपली होती, तिला बोलता येत होतं. "जे वाजत नाही ते कोणी विचारत नाही. बाईंनी सांगितलं होतं, डबा जे सांगत नाही तेही ध्यानात धरा. एवढ्या थोड्या पाण्यानं डबा एवढा जड कसा, हे कोणी विचारलंच नाही. पुष्पी एकटी जवळ आली होती. पाणीच आहे. तुम्ही सगळे हसले नसते तर पुढचं तिनं काढलं असतं."

पुष्पलतानं वर पाहिलं. लिंबाखाली, पत्र्याच्या पेटीवर बसून, घसा कोरडा करून कौशल्याबाईंनी जे शिकवलं होतं, ते या पोरीनं त्यांच्याच वर्गावर उलटवलं होतं, आणि स्वतःची दहावी पणाला लावूनही डबा सोपा केला नव्हता. बाईंचा ऊर अभिमानानं भरून आला होता. सगळ्यांसमोर त्या पुढे झाल्या आणि वच्छलाच्या डोक्यावर हात ठेवला.

"शाब्बास," त्या म्हणाल्या. नववीच्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. हा शब्द त्यांनी बाईंच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला होता.

पण बोली ती बोलीच. मनोहररावांनी चष्मा काढून पुसला आणि पडक्या आवाजात म्हणाले, "रुपरावजी, पोरी हरल्या. आम्ही शब्द पाळू."

रुपराव शिंगाडे बघत उभे होते. "बोली काय होती मास्तर? माह्या बायकोची खिरापत ओळखली तं विटा. ही तं माह्या बायकोची खिरापतच नाही."

लोकांना वाटलं गडी निसटतो आहे. जिजाबाई तर पुढेच सरसावल्या. रुपरावांनी हात वर केला.

"थांब वं बाई, बोलू दे. मी म्हटलं होतं, माह्या बायकोले हारवलं तं मानीन का शाळा काही शिकवते. माह्या बायकोले हारवणारी पोट्टी कोणत्या शाळेत शिकते?"

"शारदोदयात!" सगळा वर्ग एका आवाजात ओरडला.

"मंग उद्या विटांच्या बंड्या पाठवतो," रुपराव म्हणाले. "अन् थे पाणी सांगणारी पोट्टी कुठं गेली? तिले आधी शिंगाडे द्या."

दिवाळीत कोणी सुट्टी घेतली नाही. भिंती चढल्या, पत्रे बसले, नववीच्या पोरापोरींनी स्वतः चुना मारला आणि एकमेकांना पांढरं करून सोडलं. तपासणीचे साहेब आले तेव्हा खोलीला अजून ओल्या चुन्याचा वास होता. साहेबांनी भिंतीला बोट लावलं, छताकडे पाहिलं आणि मग रिकाम्या फळीवरच्या पत्र्याच्या पेटीकडे.

"खोली ठीक आहे. पण मुलं हिच्यात करणार काय?"

कौशल्याबाई उत्तर द्यायला पुढे होणार तोच दारातून, न बोलावता, रुपराव आत आले. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, हातात पितळी डबा.

"साहेब, आधी हे ओळखा," ते म्हणाले. "न उघडता. माह्या पोरीनं भरला हाय."

माझ्या पोरीनं! कौशल्याबाईंनी चटकन सुभद्राकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर उभी होती. तिनंही ऐकलं होतं.

साहेबांना वाटलं काहीतरी गंमत आहे. त्यांनी डबा हलवला, हसले, एक नाव घेतलं. "नाही सर," वर्ग म्हणाला. त्यांनी दुसरं घेतलं. मग ते बाकावर बसले. पुष्पलता उभी राहिली आणि घाबरत घाबरत म्हणाली, "सर, आधी वाकडा करून बघा. घरंगळतं का घसरतं?" साहेबांनी वाकडा केला. मग बुडाला हात लावला, झाकण रुमालानं पुसलं, कान लावला. वर्ग एकेक प्रश्न विचारत होता आणि साहेब एकेक उत्तर देत होते, अगदी चांगल्या विद्यार्थ्यासारखे. बाहेर तासाची घंटा झाली तरी कोणी हललं नाही. शेवटी साहेबांनी डबा खाली ठेवला.

"हरलो," ते म्हणाले. मग कौशल्याबाईंकडे वळून, "तुमच्या दहावीला माझी हरकत नाही. सामानासाठी मीच वर लिहितो." आणि मग रुपरावांना म्हणाले, "मुलगी हुशार आहे हो तुमची. दहावीनंतर काय करायचं ठरवलंय तिचं?"

सगळी खोली रुपरावांकडे बघायला लागली. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"थे तिलेच विचारा साहेब," ते म्हणाले. "माह्याच्यानं तं तिचा डबाही ओळखू नाही आला."